रोप कड्यापर्यंत न्यायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॅपलिंग, म्हणजे रोपवरून कडा उतरणं, शिकवणारे आता गावोगाव आहेत. रोप कड्याच्या काठापर्यंत वाहून कसा न्यायचा, याबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही. मग पाचनईहून हरिश्चंद्रगड चढताना अर्ध्या वाटेत कोणाचा तरी खांदा भरून येतो आणि रोप या पाठीवरून त्या पाठीवर फिरत राहतो. खालचे प्रश्न आमच्या गटाकडे दर मोसमात येतात. उत्तरं सह्याद्रीतल्या वाटांना धरून आहेत. अँकर (रोप वर जिथे बांधतात तो आधार), बॅकअप आणि उतरण्याचं तंत्र इथे नाही. ते जाणत्या माणसाकडून, हातात रोप घेऊनच शिका.

१. १०० मीटर रोपचं वजन नेमकं किती असतं?

११ मिलिमीटर जाडीचा स्टॅटिक (वजनाखाली फारसा न ताणणारा) रोप मीटरला साधारण ७५ ते ८० ग्रॅम भरतो. म्हणजे १०० मीटरला पावणेआठ किलोच्या आसपास. १० मिलिमीटरचा साडेसहा किलोच्या आगेमागे, ९ मिलिमीटरचा पाच-साडेपाच. नेमका आकडा रोपबरोबर आलेल्या कागदावर ‘ग्रॅम प्रतिमीटर’ असा छापलेला असतो. तो कागद फेकू नका.

‘मग पातळ रोपच घेऊ’ हा पुढचा प्रश्न लगेच येतो. पातळ रोपवर डिसेंडर (उतरताना वेग आवरणारं साधन) जास्त पळतो, आणि बेसॉल्टच्या धारेवर असा रोप घासला तर तो लवकर कापला जातो. गटात नवखे असतील तर ११ सोडू नका. वजन कमी करायचं असेल तर जाडीला हात न लावता लांबीकडे बघा (प्रश्न २).

२. किती लांब रोप न्यायचा? जास्त असलेला बरा ना?

थोडा जास्त असावा, दुप्पट नको. हिशोब सोपा आहे. वाटेतला सर्वांत लांब टप्पा मोजा, त्यात अँकरपासून काठापर्यंतचं अंतर मिळवा, गाठींना आणि चुकीच्या अंदाजाला म्हणून आणखी आठ-दहा मीटर धरा. एकेरी रोपवर उतरणार असाल तर एवढंच. दुहेरी टाकून खालून ओढून घ्यायचा असेल तर याच्या दुप्पट. टोकाला गाठ मारायचीच, लांबी कितीही पुरेशी वाटली तरी.

साम्रदच्या सांदण दरीचं उदाहरण घ्या. तिथला रॅपलिंगचा पहिला मोठा टप्पा साधारण ४५ फुटांचा, म्हणजे १४ मीटरच्या आसपास. दुहेरी टाकला तरी ५० मीटरचा रोप पुरतो. तरीही १०० मीटरचा अखंड रोप पाठीवर घेऊन दगडांवरून उड्या मारत जाणारे गट तिथे हमखास भेटतात. विचारलं तर उत्तर एकच: ‘आमच्याकडे हाच आहे.’ अशांनी ५० मीटरचा एक रोप विकत घ्यावा किंवा दुसऱ्या गटाकडून मागून आणावा. वाचलेले चार किलो पायांना पहिल्या तासातच कळतात.

३. रोप नवीन आहे, १०० मीटर म्हणून घेतला. लांबी मोजायची गरज आहे का?

आहे. नायलॉनचा नवा स्टॅटिक रोप पहिल्यांदा भिजून वाळला की आक्रसतो. किती, ते कंपनी आणि विणीवर ठरतं, पण दोन ते पाच टक्के ही सर्रास दिसणारी गोष्ट आहे. १०० मीटरचा रोप ९६ मीटर भरला तर दुकानदाराने फसवलं असं नाही. पहिल्या वापराआधी साध्या पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, मग मोजा आणि ती लांबी दोन्ही टोकांवर पट्टी लावून लिहा. बॅगेवरही लिहा. पहाटे अंधारात चार सारख्या बॅगांतून योग्य ती उचलायला याचाच उपयोग होतो.

४. कॉइल (वेटोळं) करून न्यायचा की बॅगेत भरून?

बॅगेत. ५०-६० मीटरपर्यंत कॉइल चालते, त्यापुढे बॅगच.

कॉइल छान दिसते, फोटोत तर फारच छान दिसते. पण आपल्याकडच्या वाटा करवंदाच्या जाळ्यांतून आणि कारवीतून जातात. उघड्या कॉइलचा एखादा फास काट्यात अडकतो, तुम्ही पुढे जाता आणि रोप मागे राहतो. घसाऱ्यावर अशा हिसक्याने तोल जातो. शिवाय उघडा रोप माती खातो. मातीतले बारीक कण विणीत शिरले की आतून धागे कापत राहतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. तिसरी अडचण काठावरची. १०० मीटरची कॉइल सोडताना गुंता झाला नाही असं क्वचितच होतं, आणि उन्हात कड्याच्या टोकावर अर्धा तास गुंता सोडवणं हे त्या दिवसातलं सर्वांत कंटाळवाणं काम असतं.

५. बॅगेत रोप भरायचा कसा? गुंडाळून ठेवला तर चालेल का?

गुंडाळायचा नाही, कोंबायचा. विचित्र वाटतं, पण व्यवस्थित वेटोळी करून ठेवलेला रोप बाहेर येताना पीळ खातो. कोंबलेला रोप जसा आत गेला त्याच्या उलट क्रमाने सरळ बाहेर येतो.

आधी रॅपलचं खालचं टोक घ्या. टोकापासून हातभर अंतर सोडून त्याला पक्की स्टॉपर गाठ मारा आणि उरलेलं शेपूट बॅगेच्या तळाच्या लूपला बांधा. मग एकाने रोप सोडायचा, दुसऱ्याने मूठभर मूठभर आत दाबायचा. एकटेच असाल तर बॅगेच्या वरच्या पट्ट्यात कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) अडकवा, रोप त्यातून ओवा, एका हाताने ओढा आणि दुसऱ्याने आत ढकला. दर पंधरा-वीस मीटरला बॅग उचलून जमिनीवर दोनदा आपटा, म्हणजे रोप तळाला बसतो आणि मध्ये पोकळी राहत नाही. वरचं टोक शेवटी तोंडाशी ठेवा, त्याला आठाची गाठ मारूनच. काठावर पोहोचल्यावर हे टोक सरळ अँकरला जातं.

भरताना रोप बोटांतून जातोय, तर बोटांना काम द्या. कुठे मऊ पडलेला भाग, कुठे फुगवटा, कुठे वरची वीण कापलेली जागा लागते का, ते चाचपा. गप्पा मारत भरला तर हातातून गेलेली खराब जागा कळत नाही. म्हणून आमच्याकडे रोप भरणाऱ्याशी कोणी बोलत नाही.

६. कोणती बॅग घ्यावी? साधी ट्रेकिंग सॅक चालेल?

चालेल. ११ मिलिमीटरच्या १०० मीटर रोपला साधारण २० ते २५ लिटर जागा लागते. ५० लिटरच्या सॅकमध्ये रोप, हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा), जेवणाचा डबा असं सगळं बसतं.

गुहेत किंवा धबधब्यात वापरायच्या पीव्हीसीच्या रोपबॅगा मजबूत असतात, पण त्यांचे खांदेपट्टे बहुधा अरुंद आणि बिनगादीचे. दोन तासांच्या चढाईला ते खांद्यात रुततात. यावर सोपा उपाय आहे: रोपबॅग तशीच्या तशी मोठ्या ट्रेकिंग सॅकमध्ये उतरवा. चालताना सॅकची गादी आणि कंबरपट्टा मिळतो, काठावर रोपबॅग उचलून बाहेर काढली की काम सुरू. सॅकचं वजन दीड किलो वाढतं ते मान्य, पण खांद्याला विचारा.

पावसाळ्यात बॅगेच्या तळाला पाणी निथळायला भोकं हवीतच. नसतील तर आयलेट मारून घ्या. चप्पल शिवणारे हे काम पाच मिनिटांत करून देतात.

७. सॅकमध्ये रोप कुठे ठेवायचा? वर, खाली, मध्ये?

पाठीला चिकटून. रोप ही सॅकमधली सर्वांत जड वस्तू, ती पाठीपासून जितकी लांब तितकी तुम्हाला मागे खेचते. पाठीच्या बाजूला उभा, लांबट गठ्ठा येईल असा बसवा. बाहेरच्या बाजूला कपडे आणि डबा.

उंची वाटेवर ठरते. मळलेल्या वाटेवर वजन खांद्याच्या पात्यांच्या पातळीला असलं की सरळ चालता येतं. घसारा, मोठे दगड, नाळ अशी वाट असेल तर रोप थोडा खाली घ्या, कारण वर वजन असताना सॅक डोलते आणि नेमकी नको त्या वेळी डोलते. आता वाटेत थांबून सॅक परत कोण भरणार? म्हणून वाटेचा अवघड भाग कोणता ते घरीच विचारात घ्या आणि त्या भागाला सोयीची सॅक भरा.

८. कंबरपट्टा लावूनही खांदेच दुखतात. का?

बहुतेक वेळा पट्टा पोटावर बांधलेला असतो. तो कमरेच्या हाडांवर यायला हवा. आधी खांद्याचे पट्टे सैल करा, कंबरपट्टा हाडांवर घट्ट बांधा, मग खांद्याचे पट्टे फक्त सॅक पाठीला टेकेल इतके ओढा. छातीचा पट्टा शेवटी. एवढं करूनही दुखत असेल तर सॅकची पाठ तुमच्या पाठीपेक्षा लांब किंवा आखूड आहे.

९. हार्नेस खालूनच घालून चढलं तर वेळ वाचेल ना?

वाचतात दहा मिनिटं, आणि चढताना दोन तास हार्नेसचा पट्टा आणि सॅकचा कंबरपट्टा एकमेकांवर घासत राहतात. कमरेवर लाल वळ उठतात. वर पायाला लागणारे कॅराबिनर वाजतात ते वेगळंच. हार्नेस काठाच्या अलीकडे, सुरक्षित सपाटीवर घाला.

अपवाद एकच: काठावर पोहोचण्याआधीच उघडा ट्रॅव्हर्स (कड्याला धरून आडवं जाणं) किंवा रोप लावावा लागेल असा रॉकपॅच असेल तर हार्नेस त्याच्या आधी घातलेला हवा. मग सॅकचा कंबरपट्टा सोडून द्या आणि तेवढा भाग खांद्यांवर घ्या.

१०. बॅग नाही, कॉइलच न्यायची आहे. पाठीवर बांधायची कशी?

दोन्ही बाजूंना पंखांसारखे फास टाकत जाणारी बटरफ्लाय कॉइल करा. दोन्ही टोकं अडीच मीटर मोकळी ठेवा. मधोमध चार-पाच वेढे घट्ट मारून टोकांचा फास वरून ओढून घ्या. कॉइल पाठीवर ठेवा, दोन्ही टोकं खांद्यांवरून पुढे आणा, काखेखालून मागे नेऊन कॉइलवर एकमेकांना छेद द्या, परत पुढे आणून पोटावर चौकोनी गाठ. पंख कमरेच्या खाली लोंबत असतील तर फास मोठे झालेत. सोडा आणि परत करा.

एका खांद्यावरून जानव्यासारखी घातलेली कॉइल सपाटीवरच ठीक. कातळावर वाकलात की ती पुढे येते आणि पाय कुठे ठेवायचा तेच दिसत नाही.

११. २०० मीटरचा अखंड रोप आहे. एकट्याने नेणं अशक्य. दोघांत कसा वाटायचा?

दोन बॅगांत. पहिली बॅग प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे खालच्या टोकापासून भरा. निम्मा रोप झाला की तोंड आवळा, तीन-चार मीटर रोप मोकळा ठेवा आणि तिथून पुढे दुसरी बॅग भरायला घ्या. वरचं टोक दुसऱ्या बॅगेच्या तोंडाशी येतं. उतरताना आधी दुसरी बॅग रिकामी होते, मग पहिली. बॅगांवर १ आणि २ असं ठळक लिहा, नाहीतर वर गेल्यावर वाद होतात.

आता खरी अडचण. ही दोन माणसं रोपने जोडलेली आहेत. मळलेल्या वाटेवर मधला रोप हातात गोळा करून चालता येतं. घसाऱ्यावर किंवा कातळावर एक घसरला तर दुसऱ्यालाही घेऊन जातो. म्हणून अशा जागी बॅगा पाठीवरून उतरवा, माणसं मोकळी पार करा आणि बॅगा हातोहात पुढे द्या. वाटेत असे भाग जास्त असतील तर अखंड रोपचा हट्ट सोडून १००-१०० मीटरचे दोन रोप न्या. मग मध्ये गाठ येते, आणि चालू रॅपलमध्ये गाठ ओलांडणं उतरणाऱ्या प्रत्येकाला यायला हवं. येत नसेल तर टप्पे पाडा.

१२. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रोप न्यायला कोणती वाट बरी?

पाचनई. चढाई त्यातल्या त्यात सोपी, वाट रुळलेली, आणि रोपच्या सॅका घेऊन दमछाक झाली तरी जीव धोक्यात येत नाही. खिरेश्वरची वाट लांब पडते आणि तोलार खिंडीनंतरचा कातळ रेलिंग असूनही मोठ्या सॅकला त्रासाचा आहे. बेलपाड्यातून येणारी नळीची वाट स्वतःतच एक मोहीम आहे. त्या वाटेने शंभर-शंभर मीटरचे रोप वर न्यायचा विचार कोणी मांडला तर त्यालाच आधी सॅक द्या.

१३. गावातल्या माणसांकडून रोप वर नेला तर चालतं का?

चालतं, आणि पुष्कळ गट तसंच करतात. पैसे आधी ठरवा आणि वजन खरं सांगा. ‘एक बॅग आहे’ असं म्हणून बारा किलो हातात ठेवू नका. डोक्यावर नेणार असतील तर चुंबळीवर बसेल अशी आडवी, मऊ बॅग द्या. उभी ताठ बॅग डोक्यावर राहत नाही. वाटेत एकजण त्यांच्याबरोबर चालला पाहिजे. दादांवर विश्वास नाही म्हणून नव्हे, ते तुमच्यापेक्षा तासभर आधी वर पोहोचतात म्हणून. रोप कुठे ठेवायचा, उन्हात नको, चुलीजवळ नको, त्यावर बसायचं नाही, हे सांगणारं कोणीतरी तिथे हवं.

१४. रोप ओला झाल्यावर किती जड होतो?

पाणी शोषू नये म्हणूनची प्रक्रिया (ड्राय ट्रीटमेंट) न केलेला नायलॉनचा रोप पूर्ण भिजला तर वजन दीडपटीच्या जवळ जाऊ शकतं. आठ किलोचा रोप अकरा-बारा किलोचा होतो, आणि ते वजन नेमकं परतीच्या वाटेवर, थकल्यावर येतं. जुलै-ऑगस्टमध्ये धबधब्यांवर जाणाऱ्यांनी वाटणी ओल्या वजनावर करावी.

भरण्याआधी रोप निथळू द्या. दोघांनी डिसेंडरमधून किंवा झाडाला अडकवलेल्या कॅराबिनरमधून एकदा ओढून काढला तरी बरंच पाणी गळतं. घरी आल्यावर बॅगेत विसरू नका; सावलीत, पंख्याखाली पसरा.

१५. रोप कोणी घ्यायचा? नव्या मुलांना द्यावा का?

आमचा ठोकताळा असा: पाठीवरचं एकूण ओझं स्वतःच्या वजनाच्या पाव भागावर जाऊ नये. ६० किलोच्या माणसाला १५ किलो ही हद्द. यात रोप आठ, हार्नेस आणि लोखंड अडीच, पाणी चार लिटर म्हणजे चार किलो. साडेचौदा झालेच, डबा अजून बाहेरच आहे. म्हणून नियम: ज्याच्याकडे रोप, त्याचं पाणी दुसऱ्याकडे. मार्च-एप्रिलमध्ये वाटेत पाणी मिळत नाही तेव्हा तर नक्कीच.

नव्यांना रोप द्या, पण चढाच्या पहिल्या टप्प्यात. तासाभराने बदली करा, ‘दमलास का?’ असं न विचारता. विचारलं की कोणीच हो म्हणत नाही. रोपवाला रांगेत शेवटी नको. मागे पडला तर कोणाला कळणार नाही आणि वर सगळे त्याची वाट बघत बसतील.

१६. वाटेतल्या रॉकपॅचला रोप लागला तर मोठी बॅग उघडायची का?

नाही. २०-३० मीटरचा छोटा रोप वेगळ्या सॅकमध्ये, सर्वांत वर ठेवा आणि तो पुढच्या माणसाकडे द्या. मोठा रोप एकदा नीट भरला की काठापर्यंत उघडायचा नाही. अवघड पॅचवर मोठ्या सॅका आधी खाली उतरवा, मोकळ्या अंगाने चढा आणि सॅका छोट्या रोपने वर ओढा. ओढताना सॅक कातळाला घासते, म्हणून रोपची बॅग सॅकच्या आत असलेली बरी (प्रश्न ६).

१७. जीपच्या टपावर किंवा डिकीत रोप टाकला तर काही बिघडतं?

टपावर ऊन आणि धूर, डिकीत त्याहून वाईट गोष्टी. बॅटरीचं ॲसिड नायलॉनचा शत्रू आहे आणि ॲसिडने खराब झालेला रोप पुष्कळदा दिसायला अगदी ठणठणीत असतो. ज्या डिकीत कधी बॅटरी, डिझेलचा कॅन किंवा फरशी पुसायचं ॲसिड ठेवलेलं होतं, तिथे रोप ठेवू नका. कसारा लोकलमध्ये मांडीवर घेतलेला रोप सर्वांत सुरक्षित.

१८. काठावरून बॅग खाली फेकायची की बरोबर घेऊन उतरायचं?

पहिला उतरणारा बॅग हार्नेसला, पायांमध्ये लोंबती ठेवून उतरतो. रोप लागेल तसा आपोआप बाहेर येतो, झाडोऱ्यात अडकत नाही, आणि वजन हळूहळू कमी होतं. सुरुवातीला मात्र आठ किलो कमरेला ओढतात. बॅग बिले लूपला (हार्नेसच्या पुढच्या मजबूत फासाला) लांब स्लिंगने (पट्टीच्या फासाने) लावा, बाजूच्या सामान अडकवायच्या गिअर लूपला नको. ते लूप एवढ्या वजनासाठी बनवलेले नसतात.

१९. सगळे उतरल्यावर, रोप सोडवायला वर थांबलेल्या टीमला रोप परत खाली वाहून आणायचा कंटाळा येतो. बॅगेत भरून कड्यावरून सोडून दिला तर?

हा प्रश्न दरवर्षी येतो, बहुतेक वेळा वरच्या टीमकडूनच. नाही. आठ-दहा किलोची बॅग कातळावर आपटत जाते, आतला रोप कुठे चेचला ते बाहेरून कळत नाही, आणि तोच रोप पुढच्या रविवारी कोणाच्या तरी वजनाखाली असतो. बॅग मधल्याच एखाद्या कपारीत अडकली तर कायमची गेली. खाली माणसं, गुरं, कड्यात आग्या मोहोळ. त्यातलं काहीही बॅगेच्या रस्त्यात असू शकतं.

बॅग दुसऱ्या रोपने सावकाश खाली सोडता येते. त्यासाठी तेवढाच लांब दुसरा रोप वर लागतो, आणि मग तो खाली कोण आणणार, यावर वरच्या टीमने आपसांत ठरवावं.